नलारबॉरच्या रस्त्यावर दिवसाची आखणी

प्रश्न : मी पुणे-गोवा सायकलने केले आहे. आता ऑस्ट्रेलियात ॲडलेडहून पर्थपर्यंत नलारबॉर मैदानातून तंबू घेऊन जायचा विचार आहे. मला रोज शंभर किलोमीटर जमतात. तिथला दिवस कसा आखावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपली शंभर किलोमीटरची सवय उपयोगी पडेल, पण तिथे दिवसाचा हिशेब अंतरावर न करता पाण्यावर करावा लागतो. कायगुना ते बॅलाडोनिया या दोन थांब्यांमधला टप्पाच पाहा. सुमारे १८२ किलोमीटरच्या या वाटेत १४६.६ किलोमीटर रस्ता एकही वळण न घेता जातो आणि मध्ये ना गाव, ना दुकान. वारा समोरून आला तर वेग निम्म्यावर येतो, म्हणून हा टप्पा दोन दिवसांचा धरून, मधल्या मुक्कामाच्या स्वयंपाकासह किमान पंधरा लिटर पाणी कायगुनाहूनच भरून घ्यावे. वाटेतल्या विश्रांतीथांब्यावर टाकी दिसली तरी ती भरलेली असेलच, असे गृहीत धरू नये.

पहाटे उजाडताच निघावे आणि सूर्यास्तापूर्वी तंबू लावून मोकळे व्हावे, कारण तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात आणि ट्रकचालकांनाही सायकलस्वार नीट दिसत नाही. या महामार्गावरच्या रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेले ट्रक, ३६ मीटरपर्यंत लांब असतात. समोरच्या वाऱ्यात मागून येणाऱ्या गाडीचा आवाज कानावर येत नाही, त्यामुळे आरसा मी अत्यावश्यक मानतो. दोन्ही बाजूंनी अशी वाहने एकाच वेळी येत असतील तर डांबर सोडून खडीवर उतरावे. तिथे मानापमान आड येऊ देऊ नये.

दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया या राज्यांच्या सीमेवरच्या तपासणी नाक्यावर ताजी फळे, भाज्या आणि मध काढून घेतात, तेव्हा पुढच्या जेवणाची भिस्त कोरड्या शिध्यावर ठेवावी. आगबंदीच्या दिवशी उघड्यावर विस्तव पेटवता येत नाही, म्हणून न शिजवता खाता येईल असे काही जवळ असलेच पाहिजे.

आणखी एक. आपल्याकडचा सराटा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातही माजला आहे आणि त्याचा काटा टायरमधून थेट ट्यूबमध्ये घुसतो. रस्त्यावरून तंबूच्या जागेपर्यंत सायकल ढकलत नेऊ नये. सामान उतरवून ती उचलून न्यावी.