कानातली शिट्टी मळाची नव्हे, मागाची

तुम्ही लिहिलंय की विट्यात 8 वर्षं यंत्रमागावर आहात, रात्री पाठ टेकली की कानात शिट्टी वाजते, तेल घालून झालं, मळ काढून झाला, तरी थांबेना. औषध काय, आणि माग सोडावा का?

आधी ते तेल बंद करा. मी सांगलीजवळच्या माधवनगरला 21 वर्षं जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होतो, सगळं करून बसलोय.

मला कित्येक वर्षं पत्ताच लागला नाही, कारण शेडमध्ये कुणालाच ऐकू येत नसतं. सगळा कारभार ओठांवर आणि हातवाऱ्यांवर. घरी नात हाक मारायची आणि मी ढिम्म. बायकोला वाटायचं, मुद्दाम करतोय. आवाज यायचा हो, पण शब्द फुटायचा नाही. ‘सात’ म्हणाले की ‘हात’, कळायचं नाही. बारीक पट्टीचं आधी जातं: स, श, बायकापोरांचं बोलणं.

शेवटी मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडं गेलो, तेही पाळी संपवून तसाच. त्यांनी परत पाठवलं. गोंगाटातून आल्या आल्या कान तात्पुरते बधिर असतात, चाचणी चुकते. एक खाडा पडला तरी चालेल, पण दिवसभर शांत राहून जा. ऐकण्याच्या चाचणीचा माझा आलेख 4000 हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक पट्टीपाशी, खड्ड्यात गेलेला आणि पुढं थोडा वर आलेला. तो बघून डॉक्टरांनीच विचारलं, “माग का फटाके?”

आतल्या कानात बारीक केसांच्या पेशी असतात, त्या मेल्या की परत उगवत नाहीत. तुमची शिट्टी बहुतेक तिथलीच. तिच्यावर हमखास गोळी नाही, आहे म्हणून कुणी विकत असेल तर पैसे वाचवा. मी रात्री पंखा चालू ठेवतो, त्या घरघरीत ती बुडते. ऐकू कमी येत असेल तर कानाच्या यंत्रानेही शिट्टी दबते, माझी दबली.

माग लगेच सोडा असं मी म्हणणार नाही, पोट कुणाला चुकलंय? पण धोट्याच्या मागाच्या शेडमध्ये आवाज 100 डेसिबलच्या आसपास असतो. कारखान्यांच्या नियमात 90 डेसिबलला 8 तास आणि 100 ला फक्त 2 तास, आणि आपली पाळी 12 तासांची! कापसाचा बोळा उपयोगाचा नाही. फोमचे प्लग चहाच्या पैशात मिळतात. पिळून बारीक करायचे, कान वर-मागं ओढून आत सरकवायचे, फुगेपर्यंत बोटानं धरायचे. बिघडलेला माग ऐकू येणार नाही ही भीती मलाही होती. चार दिवसांत कान सरावतो, उलट खट्कन वेगळा आवाज नीट कळतो.

शिट्टी एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल किंवा चक्कर येत असेल, तर कानाच्या डॉक्टरांकडे लवकर जा. अचानक ऐकूच येईना झालं तर मात्र त्याच दिवशी गाठा, त्यात दिवस मोजून असतात.

आवाजानं आलेला बहिरेपणा कायद्यानं व्यावसायिक रोगांच्या यादीत घातलाय. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर भरपाईचं तिथं विचारा. आमच्याकडं एकाच शेडचे मालक कागदावर तीन असायचे, म्हणजे कामगार दहाच्या आत दिसावेत आणि ईएसआय लागू नये. तुमचं काय ते बघा. चाचणीच्या कागदाची झेरॉक्स मालकाला द्या. मूळ कागद घरी.