निर्बंधांनी युद्ध थांबतं का? फॉरेक्सच्या टेबलावरून दिसलेलं

प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत 'आर्थिक निर्बंध युद्धखोर देशाला आवरू शकतात' या बाजूने बोलायचंय. पण रशियावर एवढे निर्बंध लादूनही युक्रेनमध्ये 2022 पासून लढाई चालूच, मग बोलायला उरतं काय? आणि 'भारतानेच तेल घेऊन निर्बंधांची हवा काढली' असं समोरचा म्हणाला तर?

उरतं की, भाऊ. फक्त 'आवरणं' म्हणजे काय ते सुरुवातीलाच ठरवून घ्या, नाहीतर समोरचा तुम्हाला पहिल्या दोन मिनिटांत गुंडाळेल. निर्बंधांनी रणगाडे जागेवर थांबतात असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. निर्बंधांनी युद्ध महाग होतं. ते किती महाग होईल, हे दुसरा विकणारा आणि दुसरा घेणारा किती लवकर सापडतो यावर असतं.

माझी नोकरी नागपुरात बँकेच्या फॉरेक्स (परकीय चलन) टेबलावर गेली. अमेरिका-युरोपने इराणवर 2012 मध्ये निर्बंध आवळले, तेव्हाची एक केस सांगतो. आपल्याच भागातल्या एका राईस मिलवाल्याचा माल दुबईच्या पार्टीला निघाला होता. इराणशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. कागद चोख होते. पण पैसे डॉलरमध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या बँकेतून फिरून येणार. तिथून स्विफ्टवर (बँकांच्या निरोपांच्या जाळ्यावर) उलटा मेसेज आला: बिल ऑफ लेडिंगवर (जहाजाच्या माल-पावतीवर) जे जहाज दाखवलंय त्याचा मालक कोण, आधीचं नाव काय, मधे कुठल्या बंदराला लागणार? उत्तर जाईपर्यंत पैसे अडकले. मिलवाला रोज खुर्ची ओढून समोर बसायचा आणि म्हणायचा, "साहेब, मी तांदूळ विकला, बंदुका नाही." शेवटी पैसे आले. पुढच्या खेपेला पार्टीने जहाज बदललं, बँक बदलली, मधे एक दलाल घातला. माल गेलाच, पण भाडं, विमा, दलाली असं सगळं वाढून. निर्बंध म्हणजे प्रत्यक्षात हेच. आणि हा भुर्दंड ज्याने युद्ध ठरवलं त्याच्या खिशातून क्वचितच जातो, हेही तिथेच दिसलं.

त्याच काळात भारताने इराणच्या तेलाचे 45 टक्के पैसे यूको बँकेतल्या खात्यात रुपयांत भरायला सुरुवात केली. इराणने त्या रुपयांतून आपल्याकडचा बासमती, चहा, औषधं घेतली. वाट सापडली, पण ती अरुंद होती. रुपये घेऊन इराणला जर्मनीत यंत्रं घ्यायला जाता येत नव्हतं. रशियाचंही पुढे तेच झालं. मे 2023 मध्ये गोव्यात रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह उघडच बोलले की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरता येत नाहीत. आपण घेतो भरपूर, विकतो थोडं. मग रुपये साचणारच.

आता बाजूने बोलायचं तर पहिलं उदाहरण सुएझचं घ्या. 1956 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने इस्रायलच्या साथीने इजिप्तवर हल्ला केला. पौंड घसरायला लागला, ब्रिटनची गंगाजळी (परकीय चलनाचा साठा) आटू लागली, आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून उसने घ्यायला अमेरिकेने आडकाठी केली: आधी सैन्य काढा. 6 नोव्हेंबरला युद्धबंदी, डिसेंबर संपायच्या आत सैन्य माघारी. आर्थिक दबाव एवढ्या झटपट क्वचितच लागू पडलाय. कारण ब्रिटनला कर्ज देईल असा दुसरा कुणी नव्हता, आणि दाबणारा शत्रू नसून मित्र होता. शत्रूशी व्यवहार आधीच कमी असतो, मग तोडणार काय?

विरोधी बाजू इटली काढणारच, म्हणून तेही वाचून ठेवा. 1935 मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर चढाई केली तेव्हा राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) निर्बंध घातले, पण यादीत तेलच नव्हतं आणि इटलीच्या जहाजांना सुएझ कालवा उघडा होता. मे 1936 मध्ये इथिओपिया गिळून झाला, जुलैत निर्बंध उठले. यातून निर्बंध निकामी ठरतात की अर्धवट निर्बंध, हा प्रश्न तुम्ही उलटा टाकू शकता. त्यांनी जपान काढलं तर मात्र जपून. 1941 च्या उन्हाळ्यात अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि तेल तोडलं. जपानचं बहुतांश तेल तिथूनच यायचं. परिणाम? डिसेंबरात पर्ल हार्बर. नस इतकी पक्की दाबली आणि बाहेर पडायला सन्मानाची फट ठेवली नाही, तर समोरचा तेल संपायच्या आत वार करून मोकळा होतो.

इराकवर लांबवर बोलू नका. कुवेत घेतल्यावर चारच दिवसांत, 6 ऑगस्ट 1990 ला, सुरक्षा परिषदेने जवळपास सगळा व्यापार बंद केला. तरी कुवेत सुटलं ते लढाईनेच, आणि पुढची कितीतरी वर्षं औषध-दुधाची ओढाताण झाली ती सामान्य इराकी घरांत. सद्दामच्या महालात नाही.

एक उदाहरण मात्र नागपूरकराने सोडूच नये. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तेव्हा दक्षिणेच्या राज्यांनी स्वतःच कापूस दाबून धरला. हिशोब असा की इंग्लंडच्या गिरण्या बंद पडतील आणि झक मारत इंग्लंड आपल्या बाजूने उतरेल. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्याही, मजूर उपाशी मेटाकुटीला आले. पण इंग्लंड उतरलं नाही. व्यापारी इजिप्तकडे आणि आपल्याकडे वळले; वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. (1865 ला लढाई संपली आणि भाव कोसळला. आपल्या शेतकऱ्याच्या नशिबी हे तेव्हापासूनचं.) याउलट उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांसमोर खरोखरची लढाऊ जहाजं उभी केली, ती नाकेबंदी दक्षिणेला सोसवली नाही. कागदावरच्या यादीला आणि बंदरात उभ्या जहाजाला एकच मानू नका.

राहता राहिला रशिया. तिथे चुकला तो निर्बंधांचा क्रम: कुठला आधी, कुठला नंतर. फेब्रुवारी 2022 मध्ये पाश्चात्त्य देशांनी रशियाची सुमारे 300 अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली, तो घाव जबरदस्त होता. पण तेल वाहत राहिलं, कारण ते बंद केलं तर युरोप-अमेरिकेतच पेट्रोल भडकलं असतं. म्हणून डिसेंबर 2022 मध्ये पिंपामागे 60 डॉलरची किंमतमर्यादा आली: तेल विका, पण स्वस्तात. रोसनेफ्ट आणि लुकऑइल या रशियाच्या बड्या तेल कंपन्यांवर अमेरिकेने थेट हात टाकला तो ऑक्टोबर 2025 मध्ये. मधल्या काळात रशियाने मर्यादा चुकवून तेल न्यायला जुनी जहाजं जमवली, इलेक्ट्रॉनिक चिप्स हाँगकाँग-तुर्कस्तानमार्गे आणल्या. तरी फुकट काही झालं नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर 21 टक्के होता. त्या दराने कारखाना काढायचं कर्ज कोण घेईल?

आणि भारताचं. लाजून उत्तर देऊ नका, पण सारवासारवही नको. युद्धाआधी आपल्या तेलाच्या आयातीत रशियन तेल दोन टक्क्यांच्या आत होतं, ते तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं. त्याने रशियाला गिऱ्हाईक मिळालं, हे खरंच आहे. पण किंमतमर्यादेची आखणीच मुळी कुणीतरी ते तेल घेत राहील यावर होती, आणि युरोप स्वतः तेव्हा रशियाचा गॅस घेत होता. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने त्याच तेलापायी आपल्या मालावर जादा 25 टक्के शुल्क लावलं, तेव्हा चीन आपल्यापेक्षा जास्त घेत असूनही त्याच्यावर तसं शुल्क लागलं नाही. हा मुद्दा मात्र दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा. पहिल्या भाषणात टाकलात तर परीक्षकांना वाटेल तुम्ही विषय सोडून तक्रार करताय.

भाषणाचा मसुदा झाला की इथेच टाका, बघतो.