म्हशीच्या वारेवर पहिला प्रयोग करताना
भावा, एन्झाइम मोजायला गंगावेशीच्या गोठ्यातून वार (व्यायल्यावर पडणारा प्लॅसेंटा) आणणार म्हणतोस, भारी! फक्त पिशवीत घालून स्कूटरवर आणू नकोस. मी तेच केलं होतं. लॅबमध्ये पोचेपर्यंत सगळं कोमट, आकडे मातीमोल. थर्मासात बर्फ भरूनच जा.

हातमोजे हवेतच. गाभडलेल्या म्हशीची वार घ्यायचीच नाही, गाभडायला लावणाऱ्या ब्रुसेला जंतूची लागण माणसालाही होते.

मग गार सलाइननं रक्त पार धू. तांबड्या पेशींत लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम भरपूर, नाहीतर वारेऐवजी रक्तच मोजशील. म्हशीची वार एकसंध नसते, पडद्यावर ठिकठिकाणी गोळे असतात. तुकडा दरवेळी गोळ्यातूनच काप.

सुरुवात अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमनं कर, पिवळा रंग चढताना डोळ्यांनी दिसतो. आकडा दर मिलिग्रॅम प्रथिनामागे लिही. ग्लायकोलिसिस (पेशीतलं साखर फोडणं) वगैरे पुढच्या महिन्यात बघू.