'विचारतो' की 'सुनावतो'?

दादरच्या एका महाविद्यालयातील विद्यार्थिनीला लेखी युक्तिवादाच्या मांडणीवर वर्गात भाषण करायचे आहे आणि त्यासाठी तिने 'केसरी'तील 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख निवडला आहे. 'मथळ्यात लेखक सरकारला प्रश्न विचारतो' या तिच्या वाक्याला शिक्षकांनी हरकत घेतली. शेवटी प्रश्नचिन्ह असताना 'विचारतो' का चालू नये, आणि त्याऐवजी काय म्हणावे, अशी तिची पृच्छा आहे.

हरकत रास्त आहे, मात्र तिचे कारण 'काय' या शब्दात शोधू नये. 'आपण उद्या येणार काय?' या वाक्यातही 'काय' आहे आणि तिथे खरोखरच माहिती हवी असते. फरक पडतो तो 'डोके ठिकाणावर असणे' या वाक्प्रचारामुळे. ज्याचे डोके ठिकाणावर आहे असे आपल्याला वाटते त्याला हा प्रश्न कोणी करत नाही, आणि ज्याला केला जातो त्याच्या 'होय, आहे' या उत्तरासाठी कोणी थांबत नाही. रूप प्रश्नाचे असले तरी काम ठपका ठेवण्याचे आहे. म्हणून 'लेखक प्रश्नाच्या रूपात सरकारला सुनावतो' असे म्हणावे. अधिक औपचारिक हवे असल्यास 'सरकारवर ठपका ठेवतो' हेही चालेल.

याच वाक्प्रचारावर भाषणात थोडे अधिक थांबावे, असे मला आवर्जून सुचवावेसे वाटते. २२ जून १८९७ रोजी पुण्यात प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, त्यानंतर सरकारने साऱ्या शहराकडेच संशयाने पाहिले आणि ६ जुलैला हा अग्रलेख आला. माणसाबद्दल बोलायचा वाक्प्रचार सरकारला लावल्याने सत्ता ही संतापाच्या भरात तोल गेलेली व्यक्ती ठरते, आणि अलंकाराच्या भाषेत ही चेतनगुणोक्ती होय. शिवाय डोके ठिकाणावर नसणे ही अवस्था तात्पुरती असते. ते पुन्हा ठिकाणावर येऊ शकते. 'सरकार दुष्ट आहे' या विधानात परतीची वाट नाही, या मथळ्यात ती आहे, आणि माझ्या मते त्याची खरी धार याच संयमात आहे. (याच मथळ्यामुळे टिळकांना शिक्षा झाली, असे वाक्य मात्र भाषणात येऊ देऊ नये. त्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयात चाललेला आणि अठरा महिन्यांच्या शिक्षेत संपलेला खटला १५ जूनच्या अंकातील मजकुरावर, म्हणजे रँडवरील हल्ल्याच्या आधीच्या लेखनावर आधारलेला होता.)

लेखी वाक्य वर्गात मोठ्याने म्हणावे लागणार, ही यातली खरी अडचण आहे. 'आहे काय' वर आवाज चढवला तर चौकशी ऐकू येते. 'ठिकाणावर' या शब्दावर जोर देऊन 'काय' वर आवाज उतरवला तर तेच शब्द ठपका ठेवतात. आवाजाच्या अशा वळणाने अर्थ पालटण्याला संस्कृत साहित्यशास्त्रात 'काकु' म्हणतात. मथळा दोन्ही प्रकारे म्हणून दाखवावा आणि मगच विश्लेषणाला लागावे. श्रोत्यांना फरक आधी कानाने कळला, की मुद्दा पटायला वेळ लागत नाही.

अग्रलेखाच्या उरलेल्या मजकुरासाठी क्रियापदे निवडताना एवढे पाहावे की, 'प्रतिपादन करतो' हे तटस्थ आहे, 'दावा करतो' यात वक्त्याची शंका डोकावते, 'सिद्ध करतो' म्हणायचे तर पुरावा दाखवावा लागतो आणि 'पटवून देतो' हे वाचकावरील परिणामाबद्दलचे विधान असल्याने ते सर्वांत जपून वापरावे. जिथे लेखकाला खरोखर उत्तर हवे आहे असे संदर्भावरून दिसते, तिथे 'विचारतो' हेच क्रियापद योग्य आहे.