सिनेमामुळे वंशाबद्दलची मतं खरंच घडतात, की तो फक्त समाजाचं चित्र दाखवतो?

घडतात, आणि याचा सगळ्यात भयंकर पुरावा १९१५चा आहे. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा अमेरिकी चित्रपट ‘द बर्थ ऑफ अ नेशन’. त्यात कृष्णवर्णीय माणूस म्हणजे गोऱ्या बाईच्या मागे लागलेला गुन्हेगार, आणि मुख्य कृष्णवर्णीय भूमिका तोंडाला काळं फासलेल्या गोऱ्या नटांनी केलेल्या. कू क्लक्स क्लॅन, म्हणजे कृष्णवर्णीयांवर हिंसा करणारी गोऱ्यांची गुप्त संघटना, चक्क तारणहार! अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना तो व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला. नामशेष झालेली क्लॅन त्याच वर्षी अटलांटाजवळ स्टोन माउंटनवर पुन्हा उभी राहिली, तिथे क्रॉस जाळला गेला. मूळ क्लॅन क्रॉस जाळत नव्हती. ही कल्पना, ज्यावर हा चित्रपट बेतला होता त्या थॉमस डिक्सनच्या कादंबरीतून पडद्यावर आली आणि पडद्यावरून खऱ्या आयुष्यात उतरली. पुढे क्लॅनने सभासद गोळा करायला हाच चित्रपट वापरला. नुसता आरसा असं करत नाही. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीने तेव्हाच विरोध केला होता, पण गर्दी थांबली नाही.

आपल्याकडे रूप वेगळं, पण सवय तीच. हिंदी चित्रपटातली मोलकरीण हमखास मराठी वळणाची हिंदी बोलते, हे आपल्याला खटकतं. मग २०१४ साली मणिपूरच्या मेरी कोमची भूमिका प्रियांका चोप्राला दिली गेली, तेव्हा ईशान्येकडच्या लोकांनी घेतलेला आक्षेप आपल्याला सहज कळायला हवा होता. व्यावसायिक गणित मला समजतं, पटत मात्र नाही. ईशान्येतला चेहरा नायिका म्हणून दिसायची इतकी मोठी संधी पुन्हा कधी येणार?