यॉर्कहून साउदॅम्प्टनला जाताना लंडनमधल्या ट्यूबचं, म्हणजे भुयारी रेल्वेचं, वेगळं तिकीट काढावं लागतं का?

नाही, पण तिकीट यॉर्क ते साउदॅम्प्टन असं थेट आणि एकच हवं.

तुम्ही लिहिलंय की एक गाडी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनला सोडते, पुढची तिथल्याच वॉटर्लू स्टेशनहून सुटते, आणि मधे नुसतं 'ट्यूब' दिसतं, पैसे काहीच दिसत नाहीत. ते पैसे मूळ भाड्यातच धरलेले असतात. तिकिटावर 'रूट' लिहिलेल्या ठिकाणी छोटासा क्रॉस शोधा, त्याला माल्टीज क्रॉस म्हणतात. तो असला की एका टर्मिनसवरून दुसऱ्यावर जायला एकदा ट्यूब वापरता येते. बस चालत नाही, टॅक्सीचा तर प्रश्नच नाही.

आपल्याकडे सीएसएमटीला उतरून वांद्रे टर्मिनसची गाडी धरायची तर मधलं आपलं आपण बघायचं, म्हणून हे विचित्र वाटतं. पण लंडनची ही अडचण फार जुनी आहे. 1846 साली शाही आयोगाने शहराच्या मध्यभागात रेल्वे आणायला विरोध केला, त्यामुळे बरीचशी मोठी स्टेशनं कडेकडेने उभी राहिली. 1863 मध्ये पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली तीही पॅडिंग्टन, युस्टन, किंग्ज क्रॉस ही टोकं शहराच्या व्यापारी भागाला जोडायला.

खरी गोची दोन तिकिटांत आहे. 'यॉर्क ते लंडन टर्मिनल्स' (म्हणजे लंडनच्या मोठ्या स्टेशनापर्यंतच) आणि 'लंडन टर्मिनल्स ते साउदॅम्प्टन' अशी वेगळी काढली तर कधीकधी बेरीज कमी भरते, पण मग ट्यूब तुमच्या खिशातून. तुलना करताना ते भाडं मिळवूनच बघा. उलट, क्रॉसवालं तिकीट असताना सवयीने ट्यूबच्या गेटवर बँकेचं कार्ड टेकवू नका, फुकट दुसऱ्यांदा पैसे कापले जातील. कागदी तिकीट गेटच्या खाचेत घालायचं आणि वरून बाहेर आलं की न विसरता उचलायचं, पुढचा सगळा प्रवास त्यावरच आहे. गेटने नाकारलं तर शेजारच्या कर्मचाऱ्याला दाखवा, तो रुंद गेट उघडून देतो.

मधेच ऑक्सफर्ड सर्कसला बाहेर पडून खरेदी करू म्हणाल तर ते या तिकिटात बसत नाही. ऑफ-पीक, म्हणजे गर्दीची वेळ टाळून जायचं तिकीट असेल तर किंग्ज क्रॉसला बाहेर पडून भटकून या आणि मग ट्यूब धरा, त्याला सहसा हरकत नसते. ॲडव्हान्स, म्हणजे ठरावीक गाडीसाठी आधीच काढलेल्या तिकिटावर मात्र ठरलेल्याच गाड्या घ्याव्या लागतात. पहिली गाडी रखडल्यामुळे वॉटर्लूची चुकली तर घाबरू नका, तिकीट थेट असल्याने पुढच्या गाडीने जाता येतं. स्टेशनवर तेवढं सांगा.

'नॉट व्हाया लंडन' छापलेलं तिकीट स्वस्त दिसलं तर ते लंडनमार्गे चालणार नाही हे लक्षात घ्या. त्याचा मार्ग बर्मिंगहॅम, रेडिंगकडून जातो. दोन मोठ्या बॅगा असतील तर मी तरी तेच घेईन. हातात एकच पिशवी असेल तर लंडनमार्गे खुशाल जा: किंग्ज क्रॉसहून व्हिक्टोरिया लाइन, ऑक्सफर्ड सर्कसला उतरून पलीकडच्या बाजूची बेकरलू लाइन, थेट वॉटर्लू. ऑक्सफर्ड सर्कसला लाइन बदलताना जिने चढावे लागत नाहीत.