लेगोचे पीस रंगाने लावू नका, आकाराने लावा

प्रश्न : आमचं घर वन बीएचके, मुलगा नऊ वर्षांचा आणि लेगोचे पीस आता इतके झालेत की एक मोठी बादली भरून वर चादरीत गाठोडं आहे ते वेगळंच. सुट्टीत मी आणि ह्यांनी बसून सगळे रंगाप्रमाणे लावले, लाल एका डब्यात, पिवळे एका डब्यात, दिसायला मस्त, पण मुलगा म्हणतो आता तर काहीच सापडत नाही. त्यात घरात दोन वर्षांची धाकटी पण आहे. काय करावं?
- एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, मुलगा अगदी बरोबर बोलतोय. लाल डब्यात सगळंच लाल, मग त्यात एका खुंटीचा (खुंटी म्हणजे वरचा गोल उंचवटा) बारका लाल पीस, जेमतेम ८ मिलिमीटरचा, तो डोळ्याला वेगळा दिसणार कसा? तेच डब्यात नुसती चाकं असतील नाहीतर नुसते उतरते छपराचे पीस असतील आणि रंग कुठलेही असले तरी लाल हवा तर लाल पटकन उचलता येतो. म्हणून आधी आकार, रंगाचं नंतर बघू, आणि खरं सांगायचं तर घरच्या खेळाला रंगापर्यंत जायची गरजच पडत नाही.

पण लगेच चाळीस खणांचं काही आणू नका हं. सुरुवातीला पाच-सहा भाग पुरे : जाड ठोकळे, पातळ प्लेटा, चाकं आणि अॅक्सल, माणसं आणि त्यांच्या टोप्या-हत्यारं, दारं-खिडक्या, आणि एक 'इकडचं तिकडचं'. हा शेवटचा डबा हवाच, नाहीतर कुठे टाकायचं कळत नाही म्हणून पोरं पीस जमिनीवरच सोडतात. जाड आणि पातळ यात गोंधळ झाला तर तीन पातळ प्लेटा एकावर एक लावून बघायच्या, बरोबर एका जाड ठोकळ्याएवढ्या होतात (३.२ मिलिमीटरच्या तीन म्हणजे ९.६), मुलाला हे एकदा दाखवा, तो स्वतःच निवडायला लागेल. एखादा डबा ओसंडायला लागला की मगच त्याचे दोन करा, तोपर्यंत नाही.

बादली मात्र बंद करा. खोल भांड्यात बारकं सगळं तळाला जातं आणि मग एका पीससाठी अख्खी बादली लादीवर ओतली जाते, त्या आवाजाने शेजारचे पण उठतात. उथळ आणि आरपार दिसणारे डबे घ्या, क्रॉफर्ड मार्केटला ढिगाने मिळतात. अगदी बारक्या पार्ट्ससाठी लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे खणाखणांचे कंपोनंट बॉक्स असतात ते मला सगळ्यात आवडतात, फक्त झाकण घट्ट बसतं ना ते दुकानातच उलटं करून बघा. नाव लिहिलेल्या चिठ्ठीपेक्षा डब्याच्या तोंडावर आतलाच एक पीस सेलोटेपने चिकटवा, मुलं वाचत बसत नाहीत.

चादर टाकू नका, ती कामाची आहे. खेळ चादरीवरच मांडायचा, आवरताना चार टोकं धरून उचलायची. अर्धवट बनलेलं मॉडेल एका ट्रेमध्ये दिवाणाखाली सरकवायचं, रोज मोडायला लावू नका, पोराचा जीव असतो त्यात. जो सेट परत तसाच बनवायचाय तो सेट नंबर लिहून झिपलॉकमध्ये. पुठ्ठ्याची खोकी माळ्यावर साठवू नका, आपल्याकडच्या पावसात ओल धरतात आणि कसर लागते; बनवायच्या पुस्तिका कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, त्यामुळे त्या गेल्या तरी चालतं.

आणि धाकटीचं बाकी सगळ्याच्या आधी. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती हे बारके पीस अजिबात नकोत, घशात अडकतात. बारक्यांचे डबे कपाटाच्या वरच्या कप्प्यात आणि दादाचा खेळ टेबलावर किंवा ती झोपली की चादरीवर, तिला तिचे डुप्लो, म्हणजे लेगोचेच लहानग्यांसाठीचे मोठे ठोकळे, द्या.

प्रश्न : भावाच्या मुलांचे जुने लेगो मिळालेत, मळके आहेत, काही पांढरे पिवळे पडलेत. वॉशिंग मशीनमध्ये टाकू का?
- एक वाचक, लालबाग

उत्तर : मशीन नको, उकळतं पाणी तर मुळीच नको. ४० अंशांपर्यंतचं कोमट पाणी, थोडं भांड्याचं लिक्विड आणि जुना टूथब्रश, बस. मोटर, बॅटरीचे आणि स्टिकरवाले पीस बाजूला काढा, ते नुसते कापडाने पुसा. धुतल्यावर खालची पोकळ बाजू खाली करून टॉवेलवर पंख्याखाली वाळवा, आत पाणी राहतं ते निथळेल, आणि जुलै असेल तर दोन दिवस जाऊ द्या मगच डब्यात भरा. गॅलरीत उन्हात टाकू नका, पांढरे पिवळे पडायला ऊन पण कारण असतं. पिवळेपणा धुऊन जाणार नाही, ते पीस आतल्या भिंतीला वापरा. एखादा हरवलेला शोधायचा असेल तर तसाच दुसरा उलटा करून बघा, आतल्या बाजूला बारीक आकडा असतो, उदाहरणार्थ दोन बाय चार खुंट्यांच्या ठोकळ्यावर ३००१, तो नंबर टाकून सुटा पीस शोधता येतो.